कमी गुणांच्या उमेदवाराने आरोग्यविद्येचे दार ठोठवावे काय?

ज्यास परीक्षेत कमी गुण पडले आहेत त्याने त्याहून वरच्या विद्येची इच्छा धरावी काय, आणि त्याने ती धरली तर विद्यालयाने त्यास आत घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता शाळामास्तरांचा आणि विद्यापीठाच्या कारकुनांचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केला असता तो नीतीचा प्रश्न आहे असे दिसून येते. कारण एका बाजूस मनुष्याच्या सुधारणेची आशा आहे, आणि दुसऱ्या बाजूस ज्या लोकांची त्याने पुढे सेवा करावयाची त्यांचे प्राण आहेत. ह्या दोहोंमध्ये न्याय कसा करावा, हे कोणत्याही नियमपुस्तकात सरळ लिहून ठेवलेले सापडत नाही.

आमच्या खेडोपाडीच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटू नये. खेड्यातून शिकून बी. एस्सी. झालेला मुलगा, अथवा परिचारिकेचे शिक्षण घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात चार वर्षे राबलेली मुलगी, आता सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीची, म्हणजे जिला एम्. पी. एच्. म्हणतात तिची, इच्छा धरू लागली आहे. आणि अशांपैकी कित्येकांची दृष्टी अमेरिकेकडे लागलेली असते. गुणपत्रक मात्र बेताचेच असते. मग आईबाप सल्ला विचारावयास गावातील शिक्षकाकडे, उपदेशकाकडे अथवा पाळकाकडे येतात. सल्ला देणाराने विषय नीट समजून घेतला नाही, तर त्याच्या एका शब्दाने घरावर कर्ज चढते, किंवा एका शब्दाने होतकरू मूल कायमचे मागे बसते. म्हणून ह्या प्रश्नाचा आम्ही येथे थोडा विस्ताराने विचार करीत आहो.

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. वैद्य एका रोग्याची नाडी पाहतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक सगळ्या गावाची नाडी पाहतो. विहिरीचे पाणी, गावाचे सांडपाणी, मुलांस टोचावयाची लस, बाळंतिणीचे अन्न, गिरणीत व खाणीत काम करणाराच्या छातीत जाणारी धूळ, आणि गावच्या जन्ममृत्यूंची नोंद, हे सर्व त्याचे विषय होत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ह्या विद्येची स्वतंत्र शाळा १९१६ साली स्थापिली. आपल्या देशात कलकत्त्यास १९३२ साली अखिल भारतीय संस्था निघाली. तिरुवनंतपुरम् येथील अच्युत मेनन केंद्राने १९९७ पासून एम्. पी. एच्. चे शिक्षण चालविले. आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीही हे शिक्षण मिळू लागले. ह्या विद्येस वैद्यकीची पदवी असलीच पाहिजे असे अमेरिकेत नाही. समाजशास्त्र, परिचर्या, शेतकी, जीवशास्त्र अशा निरनिराळ्या वाटांनी विद्यार्थी तेथे येतात.

आता दारावरचा पहारा कसा असतो ते सांगतो. अमेरिकेत गुण टक्क्यांनी न मोजता चारच्या मापाने मोजतात. उत्तम श्रेणीस चार, तिच्या खालच्या श्रेणीस तीन, मग दोन, मग एक. आणि सर्व विषयांची सरासरी काढून ती उमेदवाराच्या नावापुढे लिहितात. पुष्कळ विद्यालयांनी ही सरासरी निदान तीन असावी अशी अपेक्षा ठेविली आहे. सोफास नावाची एक सामाईक व्यवस्था आहे. तिच्या द्वारे एकच अर्ज अनेक विद्यालयांकडे जातो. अर्जाबरोबर प्रत्येक महाविद्यालयाचे गुणपत्रक, दोन-तीन शिफारसपत्रे, आणि आपण ही विद्या का शिकू इच्छितो ह्याचे निवेदन जोडावे लागते. जी. आर. ई. नावाची चाळणी परीक्षा पूर्वी बहुतेक ठिकाणी लागे. अलीकडे अनेक विद्यालयांनी ती सोडून दिली आहे. त्यामुळे गुणपत्रक, निवेदन, शिफारस आणि केलेले काम, ह्या चोहोंवर निवडीचा भार अधिक पडला आहे.

ह्या प्रश्नावर लोकांची दोन मते आढळतात, आणि दोन्ही मतांत वजन आहे.

पहिल्या मताचे लोक म्हणतात की, गुण म्हणजे खरी साक्ष; ज्याने त्या वेळी अभ्यास केला नाही तो पुढे करील ह्याचा भरवसा काय? आणि ही विद्या तर लोकांच्या जिवाशी गाठ घालणारी. येथे कच्च्या मनुष्यास घेणे म्हणजे दयेच्या नावाखाली गावावर अन्याय करणे होय. हे मत कठोर वाटते, पण ते टाकाऊ नाही. लंडन शहरात १८५४ साली पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो ह्यांनी काय केले ते पाहा. दोन कंपन्या त्याच वस्त्यांतील घरांस नळाने पाणी पुरवीत होत्या. एक कंपनी टेम्स नदीच्या शहरातील घाणेरड्या भागातून पाणी घेई. दुसरीने आपली पाणी घेण्याची जागा वरच्या स्वच्छ प्रवाहाकडे नेली होती. स्नो ह्यांनी नुसते मृत्यू मोजले नाहीत, घरेही मोजली. पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांस सुमारे ३१५. दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दर दहा हजारांस सुमारे ३७. पटकीचा जंतू अजून कोणाच्या नीट ओळखीचा झाला नव्हता, तरी ह्या भागाकाराने घाणेरड्या पाण्याचा अपराध उघड केला. आता असे समजा की, हा हिशेब करणारास घरांच्या संख्येने मृत्यूंच्या संख्येस भागावे हेच कळले नसते, तर त्याने काय अनुमान काढले असते? ज्यास संख्याशास्त्र येत नाही त्याच्या हाती साथीची वही देणे म्हणजे आंधळ्याच्या हाती मशाल देण्यासारखे आहे. म्हणून संख्याशास्त्रातील आणि साथींच्या शास्त्रातील गुण विद्यालये बारकाईने पाहतात, ह्यात त्यांचा दोष नाही.

दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की, गुण हे मनुष्याचे माप नसून त्याच्या परिस्थितीचे माप असते. ज्या मुलीस पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून, मग सहा कोस एस्. टी. ने कॉलेजास जावे लागले, तिचे पन्नास टक्के आणि ज्याच्या घरी दोन शिकवणीमास्तर येत होते त्याचे पन्नास टक्के, हे एकच कसे? ज्याने दहावीपर्यंत सर्व विषय मराठीत वाचले आणि पुढे पहिल्याच वर्षी ज्याच्यावर इंग्रजी ग्रंथांचा डोंगर कोसळला, तो त्या वर्षी मागे पडला तर त्यात बुद्धीचा दोष किती आणि भाषेचा किती? शिवाय आकडा स्वतः मुका असतो. आपल्या विद्यापीठांत साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग. घरी पेढे वाटतात. तोच साठचा आकडा अमेरिकेतील मास्तरासमोर ठेविला तर त्यास तो नापास होण्याच्या उंबरठ्यावरचा वाटेल. म्हणूनच परदेशी गुणपत्रकांचे तेथील मापात रूपांतर करून देणाऱ्या संस्था आहेत, आणि ज्यास आपले गुण कमी वाटतात त्याने आधी हे रूपांतर समजून घ्यावे. पुष्कळांची भीती येथेच निम्मी होते. सरासरीचेही असेच आहे. ज्याची पहिल्या दोन वर्षांची सरासरी दोन आणि पुढील दोन वर्षांची साडेतीन, त्याची एकूण पावणेतीनच भरते, आणि तो दारावर अडतो. पण ज्याची चारही वर्षे पावणेतीन होती आणि हा, ह्या दोघांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एक जागीच उभा आहे. दुसरा चढण चढून आला आहे.

ह्या मतातही सत्य आहे. परंतु एवढ्यावरच थांबणारांस आम्ही विचारतो की, परिस्थितीने ज्ञान दिले नाही हे खरे असले, तरी ज्ञान नाही ही गोष्ट तर उरतेच ना? पटकीस उमेदवाराची गरिबी कळत नाही. ज्याने हिशेब चुकविला तो दुःखी घरचा होता म्हणून चुकलेल्या हिशेबाने मेलेले मूल परत येत नाही.

ह्याच ठिकाणी आम्हास एक जुनी गोष्ट आठवते. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी, जे आज पाकिस्तानात आहे, प्लेगची लस टोचण्याचे काम चालले होते. १०७ माणसांस लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांस टोचली ती १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. लस शोधून काढणारे डॉ. हाफकिन ह्यांच्यावर दोष आला, त्यांचे काम सुटले. शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली, आणि पुढे १९०७ साली ते निर्दोष ठरले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नव्हता. गावात बाटली उघडताना हातचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केल्यावाचून पुन्हा वापरला गेला, असा उलगडा पुढे आला. ह्या गोष्टीत दोन्ही मतांस उत्तर आहे. ह्या कामात लहानशी हयगय किती घरे रडविते, हे दुसऱ्या मताच्या लोकांनी पाहावे. आणि पडलेला चिमटा पुन्हा उकळावा हे ज्ञान नव्याण्णव टक्क्यांच्या गुणपत्रकातही दिसत नाही, ते मनुष्याच्या सवयीत व सदसद्विवेकात दिसते, हे पहिल्या मताच्या लोकांनी पाहावे.

मग आमचे मत काय? आमच्या मते कमी गुण हे कर्जासारखे आहेत. आमच्या शेतकरी वाचकांस कर्ज काय असते हे सांगावयास नको. कर्ज झाले म्हणून मनुष्य पापी ठरत नाही. दुष्काळ, आजारपण, बापाचे मरण, पोरवयाचा उनाडपणा, कशानेही ते होते. पण कारण काहीही असो, वहीत नोंद आहे ती आहे. वही फाडून टाकणारा लबाड. वहीकडे पाहून कपाळ बडवीत बसणारा दुबळा. आणि सावकारापुढे रडून माफी मागणारा फार तर एका वर्षाची सूट मिळवितो. शहाणा मनुष्य हप्ते भरतो आणि पावत्या जपून ठेवितो. जुनी नोंद पुसली जात नाही, पण तिच्या शेजारी फेडीची नोंद येत जाते, आणि वही वाचणारास दोन्ही एकदम दिसतात. सोफासची रीतही योगायोगाने अशीच आहे. एखादा विषय पुन्हा घेऊन त्यात उत्तम गुण मिळविले तरी त्यातील जुने गुण सरासरीतून गळत नाहीत. दोन्ही धरले जातात. ही रीत कठोर आहे, पण खोटी नाही.

आता हप्ता भरावा कसा? प्रथम, जो विषय कच्चा राहिला तोच पक्का करावा. ज्याचे गणित व संख्याशास्त्र गडगडले त्याने समाजसेवेचे दहा दाखले जोडले तरी शंका फिटत नाही; परंतु त्याने एखाद्या मान्य विद्यापीठात संख्याशास्त्राचा किंवा साथींच्या शास्त्राचा एकच अभ्यासक्रम घेऊन त्यात वरची श्रेणी मिळविली, तर शंका मुळासकट उपटते. अमेरिकेतील अनेक विद्यालये पदवीस प्रवेश न घेताही असे सुटे विषय शिकू देतात, आणि कित्येक ठिकाणी ह्या विद्येचा लहान प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमही असतो. तो नीट पुरा करणारास पुढे पदवीचे दार सोपे होते. दुसरे, प्रत्यक्ष काम करावे. लसीकरणाच्या मोहिमेत, क्षयरोग्यांच्या औषधपाण्याच्या नोंदीत, पाण्याच्या तपासणीत दोन-तीन वर्षे घालविलेला उमेदवार जे प्रश्न विचारतो ते पुस्तकी उमेदवारास सुचतही नाहीत. आणि समित्या हे जाणतात. तिसरे, घाई करू नये. पदवी हाती पडताच त्याच वर्षी जो अर्ज करितो त्याच्याजवळ जुन्या गुणांखेरीज दाखविण्यासारखे काही नसते. चौथे, नावाच्या मागे धावू नये. ज्या विद्यालयात आपल्या कामाचा विषय शिकवितात, जे उमेदवाराची शेवटची वर्षे व त्याचा चढ पाहतात, आणि ज्यांस सी. ई. पी. एच्. ह्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या परिषदेची मान्यता आहे, अशी विद्यालये शोधावी, आणि अर्ज करण्यापूर्वी तेथील अधिकाऱ्यास पत्र लिहून आपली स्थिती सरळ विचारावी. विचारणारास लाज नाही.

निवेदनाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण मोहाची जागा तीच आहे. कमी गुणांचे कारण असेल तर ते चार ओळींत सांगावे; त्याचा पोवाडा करू नये आणि त्याचे रडगाणेही करू नये. कारण सांगून झाल्यावर लगेच पुढे काय केले ते सांगावे. वडील वारले, घर सांभाळावे लागले, दोन विषय गेले, पुढील वर्षी ते सोडविले, नंतर अमुक ठिकाणी काम केले, एवढे पुरे. पण शहरांत असे दलाल बसले आहेत की ते पैसे घेऊन दुसऱ्याचे आयुष्य आपल्या कल्पनेने रचून देतात. आणि आता तर यंत्रही क्षणात गोड निबंध लिहून देते. ज्याने कधी गाव पाहिले नाही तो आदिवासी पाड्यावरील सेवेचे हृदयद्रावक वर्णन सही करून पाठवितो. कोणी एखाद्या कॉलेजाचे नापासाचे गुणपत्रकच दडवितो. वास्तविक प्रत्येक महाविद्यालयाचे गुणपत्रक देणे बंधनकारक असते, आणि दडविलेले उघडकीस आले तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. परंतु पकडले जाण्याचे भय हे आमचे मुख्य कारण नाही. ज्याने पुढे साथीचे आकडे सरकारास कळवावयाचे, अमुक गावी किती मुले दगावली हे कोणाच्या दडपणास न जुमानता लिहावयाचे, त्याने ह्या विद्येच्या उंबरठ्यावरच खोटी नोंद केली, तर पुढे त्याच्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा? कमी गुणांचा खरा मनुष्य शिकविता येतो. खोट्या नोंदीची सवय लागलेला मनुष्य ह्या कामास निरुपयोगी आहे.

शिफारसपत्रे देणारांसही हेच लागू आहे, आणि हे देणारे आमच्या वाचकांपैकीच असतात. मुलगा आपल्या मंडळीतला, बाप ओळखीचा, नाही कसे म्हणावे, म्हणून सद्गुणांची माळ गुंफून देण्याची चाल पडली आहे. अशा पत्राने उमेदवाराचे हित होत नाही, कारण सर्वांचीच पत्रे तशी असल्यामुळे वाचणारा ती बाजूस ठेवितो. पत्रात डोळ्यांनी पाहिलेले लिहावे. ‘हा फार हुशार व सुशील आहे’ ह्या वाक्यापेक्षा, ‘मागील पावसाळ्यात वस्तीत जुलाबाची साथ आली तेव्हा ह्याने घरोघर फिरून आजाऱ्यांची यादी केली, आणि ती यादी दवाखान्यातील नोंदीशी जुळली’ हे वाक्य शंभरपट मोलाचे आहे. ज्याने असे काही पाहिले नाही त्याने नम्रतेने पत्र नाकारावे, आणि ज्याने पाहिले असेल त्याच्याकडे उमेदवारास पाठवावे. हीही मदतच होय.

दारावर बसलेल्या लोकांचे कर्तव्य काय, तेही सांगितले पाहिजे. कोणी असे समजेल की, कमी गुणांच्या विद्यार्थ्यास घेणारे प्रत्येक विद्यालय दयाळू असते. तसे नाही. परदेशी विद्यार्थ्याची फी मोठी असते, आणि फीच्या लोभाने दार उघडणे आणि माणूस ओळखून दार उघडणे ह्यांत फार अंतर आहे. ज्यास आत घेतले त्याच्या कच्चेपणाची भरपाई करण्याची जबाबदारीही विद्यालयाने घेतली पाहिजे. नाहीतर दोन वर्षांनी त्याच्या हाती पदवीचा कागद, डोक्यात थोडेसे ज्ञान, आणि बापाच्या शेतावर बँकेचा बोजा, एवढेच उरते. म्हणून आईबापांनी ‘प्रवेश मिळाला’ एवढ्याने हुरळून जाऊ नये. तेथे कमकुवत विद्यार्थ्यास कोण शिकविते, खर्च एकंदर किती, शिष्यवृत्ती आहे काय, आणि हेच शिक्षण आपल्या देशात कमी खर्चात मिळण्यासारखे आहे काय, हे सर्व विचारून मग शेताचा कागद बाहेर काढावा.

ह्या सर्व विवेचनास आधार म्हणून दोन उदाहरणे देतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत जाऊन पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी जे पत्र लिहिले, ते आजच्या निवेदनाचेच जुने रूप होय. त्यांचे शिक्षण तेथील शाळांतून झालेले नव्हते, आणि त्यांची तयारी त्या महाविद्यालयाच्या अटींत चपखल बसणारी नव्हती. त्यांनी ते लपविले नाही. आपणास काय येते ते सांगितले, आणि पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी ही विद्या हवी आहे, हा हेतू मांडला. प्राचार्या रेचेल बॉड्ली ह्यांच्या त्या महाविद्यालयाने त्यांस आत घेतले. पण आत घेतल्यावर कोणी सवलतीने पदवी दिली नाही; परक्या हवेत, ढासळत्या प्रकृतीनिशी त्यांनी सर्व परीक्षा दिल्या आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचा अंत झाला. तरी ते उघडलेले दार पुन्हा मिटले नाही.

दुसरे उदाहरण आमच्या अधिक जवळचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने वेल्लोर येथे वैद्यकी शिकून, पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली, आणि १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. हे काम ज्यांच्या हातांनी उभे राहिले त्या कोण होत्या? गावांनी निवडलेल्या बाया; त्यांपैकी पुष्कळ अक्षरशत्रू, पुष्कळ अस्पृश्य म्हणून दूर ठेविलेल्या जातींच्या. त्यांच्याजवळ कमी गुणांचे गुणपत्रक नव्हते, कारण गुणपत्रकच नव्हते. परंतु म्हणून त्यांस वाटेल तसे काम करू दिले नाही. त्या वरचेवर जामखेडास येत, शिकत, आपल्या गावातील बाळंतपणे, आजार, मृत्यू सांगत, झाले त्यातील चूक-बरोबर पाहत, आणि पुन्हा गावी जात. वर्षांमागून वर्षे हा क्रम चालला. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आणि देशोदेशींचे शिकलेले लोक जामखेडास शिकावयास येऊ लागले, ज्यांच्या हाती मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या. त्यांस शिकविणारांत ह्या बायाही होत्या.

ह्या उदाहरणांवरून जे निष्पन्न होते तेच आमचे म्हणणे आहे. दार रुंद असावे, परंतु आतील शिकवण कसोशीची असावी. मागील आयुष्याविषयी उदार असावे. ज्ञानाविषयी मात्र तडजोड करू नये. जो दारच अरुंद करितो तो अनेक आनंदीबाईंस परत पाठवितो. जो शिकवणच ढिली करितो तो मुल्कोवालचा चिमटा पुन्हा जमिनीवर पाडतो. आणि उमेदवाराने हे ध्यानात ठेवावे की, विद्यालयातील जागा हे मागील श्रमांचे बक्षीस नव्हे. ती पुढील लोकांची ठेव आहे. ‘मी ह्या जागेस पात्र आहे काय?’ एवढाच प्रश्न विचारणारास कधी गर्व होतो, कधी निराशा होते. ‘माझ्या हाती ज्यांचे आरोग्य येणार त्यांस माझ्यावर विसंबता येईल काय, आणि येत नसेल तर मी आज कोणता विषय शिकावा?’ हा प्रश्न विचारणारास करावयास नेहमी काहीतरी काम असते.

दार उघडले नाही तर काय? तर लोकांचे आरोग्य त्या एका दारातूनच आत-बाहेर जाते असे नाही. २००५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतील आशा कार्यकर्त्या ह्या पदव्युत्तर विद्वान नाहीत. पण रात्री-अपरात्री गरोदर बाईस रुग्णालयात पोहोचविणाऱ्या त्याच असतात. ज्या तरुणास ह्या विद्येची खरी तळमळ आहे, त्याने पत्र नाकारले गेले त्या दिवशीही आपल्या गावची विहीर पाहावी, किती घरे तिचे पाणी पितात ते मोजावे, आणि त्या घरांत ह्या वर्षी कोण आजारी पडले ते लिहून ठेवावे. हा हिशेब बरोबर असेल तर तो एका हप्त्याची पावती होय. आणि पुढील वर्षी अर्ज करिताना ती त्याच्या हाती असेल. आईबापांनी, शिक्षकांनी आणि उपदेशकांनी अशा मुलास ‘तुझे गुण कमी, तू गप्प बैस’ असे म्हणू नये. आणि ‘गुणांचे काय घेऊन बसलास, करू काहीतरी’ असेही म्हणू नये. वही उघडून त्याच्याजवळ बसावे, आणि काय फेडावयाचे राहिले आहे ते त्याच्याबरोबर मोजावे.